जीबीएस झाल्यावर: मिरजेतला मुक्काम आणि नसांचं दुखणं

गुलियन-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, या नसांच्या आजाराचं नाव बहुतेकांनी जानेवारी २०२५ मध्ये ऐकलं. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला रुग्ण सापडायला लागले आणि रोज बातम्या यायला लागल्या. मी ते त्याच्या चार महिने आधीच मिरजेतल्या एका रुग्णालयात कॉटवर पडून ऐकलं होतं. पुण्याच्या बातम्या सुरू झाल्यावर ओळखीपाळखीतून मला फोन यायला लागले. कुणाचा मेहुणा दाखल होता, कुणाच्या मुलीच्या पायाला मुंग्या येत होत्या. सगळ्यांना तेच तेच सांगत होतो, म्हणून आता एकदाच सलग लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, तासगाव तालुक्यात द्राक्षबाग करतो. औषधांची जी नावं येतील ती मला दिलेली आहेत. तुमची तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

सप्टेंबर २०२४. गणपती ७ तारखेला बसले, ८ ला तासगावचा रथ झाला. त्याच आठवड्यात मला आणि पुतण्याला जुलाब लागले. त्याचं दोन दिवसांत थांबलं, माझं थोडं लांबलं, पण बरं झालं आणि विषय संपला असं आम्ही धरून चाललो. छाटणी तोंडावर आली होती, काड्या तपासायला द्यायच्या होत्या, मजुरांच्या टोळीला उचल द्यायची होती.

२० तारखेच्या सुमारास दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी मुंग्या घोट्यापर्यंत आल्या आणि हातांच्या बोटांनाही सुरू झाल्या. बागेत चप्पल पायातून निसटायची आणि मला कळायचंच नाही. चार पावलं पुढं गेल्यावर ढेकूळ टोचलं की समजायचं. दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीत एक खोल ठणका होता. त्याचा पायांशी काही संबंध असेल असं घरात कुणालाच वाटलं नाही. गावातल्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं आणि उद्या पुन्हा दाखवा म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी उकिडवं बसलो तो उठताच येईना. बायकोनं आणि भावानं काखेत हात घालून उभं केलं. डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारून बघितली. पाय हललाच नाही. एरवी तिथं मारलं की पाय आपोआप उडतो. दुसऱ्या गुडघ्याचंही तेच. त्यांचा चेहरा बदलला.

"आजच्या आज मिरजेला जावा," ते म्हणाले. "रात्री श्वासाला काही झालं तर इथं मशीन नाही."

त्यांच्या त्या वाक्याचे उपकार मी कधी विसरणार नाही. दोन्ही पायांतली ताकद एकदमच जायला लागली, ती खालून वर चढतेय आणि मुंग्याही आहेत, असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. १०८ ची रुग्णवाहिका फुकट येते. आम्ही भावाच्या गाडीतून गेलो. मला मागच्या सीटवर आडवं केलं होतं.

मिरजेला रुग्णांची गर्दी नवीन नाही. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातूनही माणसं इथं येतात. रात्री आठच्या सुमारास आम्ही एका खासगी रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात पोचलो. मेंदू व मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा पाय बघितलेच नाहीत. एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजा म्हणाले. मी बावीसपर्यंत गेलो. नंतर दर काही तासांनी कुणीतरी येऊन हेच करायला लावायचं. छातीचे स्नायू दमले की आकडा खाली येतो, आणि तो फार खाली आला तर व्हेंटिलेटर लावावा लागतो. या आजारात साधारण चारातल्या एकाला तो लागतो. माझा आकडा एका रात्री बारावर आला होता, पण तिथून परत वर गेला. शेजारच्या कॉटवरच्या मुलाला मात्र नळी घालावी लागली. तोही नंतर बरा होऊन घरी गेला, हे मुद्दाम लिहितोय, कारण तेव्हा त्याच्या आईला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

तपासण्या तीन झाल्या. मणक्याचा एमआरआय, कारण मणक्यात काही दाबलं गेलं तरी पाय जातात; ते नाही याची खात्री करायची होती. मग एनसीव्ही. यात नसेवर छोटे विजेचे झटके देतात आणि संदेश किती वेगानं जातो ते मोजतात. झटका लागतो, पण सोसण्यासारखा असतो. पायाच्या नसेतून संदेश सेकंदाला चाळीस मीटरच्या पुढं जायला हवा, माझा पंचवीसच्या आसपास होता. तिसरी तपासणी पाठीतून पाणी काढण्याची. याच तपासणीला घरचे सगळ्यात जास्त घाबरतात. कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं, कमरेला भूल देतात, दहा-पंधरा मिनिटांत होतं. नंतर भरपूर पाणी प्यायचं आणि काही तास पडून राहायचं. त्या पाण्यात प्रथिनं वाढलेली होती आणि पेशी मात्र वाढलेल्या नव्हत्या. ही या आजाराची खूण आहे. १९१६ मध्ये गुलियन, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या बाबतीत हेच लिहून ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात हा रिपोर्ट नॉर्मलही येऊ शकतो, तेव्हा नॉर्मल आला म्हणून कुणी निश्चिंत होऊ नये.

डॉक्टरांनी बायकोला आणि मला समजावून सांगितलं ते असं. जुलाबाच्या जंतूशी लढायला शरीरानं जी प्रतिद्रव्यं तयार केली, तीच आता माझ्या नसांवर हल्ला करतायत, कारण त्या जंतूच्या अंगावरचे काही रेणू नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. विजेच्या वायरीवर जसं प्लास्टिक असतं तसं नसेवर एक वेष्टण असतं, ते जागोजागी सोललं गेलंय. मेंदू ठीक आहे, स्नायू ठीक आहेत, मधला निरोप पोचत नाही. वेष्टण पुन्हा तयार होतं, त्याला आठवडे-महिने लागतात. आतला तंतूच तुटला असेल तर तो रोज साधारण एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत अंतर किती, याचा हिशोब तुम्हीच करा, असं ते म्हणाले. माझ्या रिपोर्टमध्ये मुख्यतः वेष्टणाचंच नुकसान होतं.

उपचार दोन: प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलणं किंवा इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेल्या प्रतिद्रव्यांची, इंजेक्शनं, ज्याला सगळे आयव्हीआयजी म्हणतात. दोन्ही सारखेच उपयोगी, आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. मला आयव्हीआयजी ठरलं. वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. माझं वजन बासष्ट किलो. पाच ग्रॅमच्या पंचवीस बाटल्या. भावानं मेडिकलमध्ये दर विचारला तर हिशोब तीन लाखांच्या घरात जात होता. त्यात अतिदक्षता विभागाचं भाडं वेगळं. त्या रात्री भाऊ आणि बायको बाहेरच्या बाकड्यावर कुठला दागिना, कुठली सोसायटी, याचं बोलत बसले होते.

सकाळी तिथल्याच एका नर्सनं त्यांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीकडं पाठवलं. योजनेत बसणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात कागदपत्रांना मदत करणारे आरोग्यमित्र बसलेले असतात. जीबीएस योजनेत आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि आता पांढऱ्या रेशनकार्डालाही ती लागू आहे. लागलं ते एवढं: रेशनकार्ड, त्याचा बारा अंकी ऑनलाइन नंबर, आधार, डॉक्टरांचा कागद, रिपोर्ट आणि रुग्णाचा कॉटवरचा फोटो. आमची अडचण दोन ठिकाणी आली. आम्हा भावांचं कार्ड विभक्त झालं होतं आणि नव्या कार्डावर माझ्या वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं होतं. भाऊ तालुक्याला पुरवठा शाखेत गेला, अर्ज केला, दुरुस्ती झाल्याचा कागद घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. दुसरी अडचण माझ्या अंगठ्याची. मशीनवर अंगठा दाबायला माझ्या हातात जोर नव्हता, आणि बागेतल्या कामानं रेषाही झिजलेल्या. आरोग्यमित्रांनी माझा हात धरून बरेचदा प्रयत्न केला, शेवटी आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आला त्यावर काम झालं. तेव्हा घरातल्या प्रत्येकाच्या आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का, ते आजच बघा. प्रकरण तातडीचं असेल तर रुग्णालय फोनवरून आगाऊ कळवून उपचार सुरू करू शकतं. आमचं तसंच केलं, कागद मागून पूर्ण झाले. योजनेचा टोल फ्री नंबर १५५३८८ आणि १८००२३३२२०० आहे. एमआरआय आणि एनसीव्ही मंजुरीच्या आधी झाल्यामुळं त्यांचे नऊ हजारांच्या वर आम्ही भरले. आयव्हीआयजीला एक रुपयाही द्यावा लागला नाही.

आयव्हीआयजी हळूहळू सोडतात. पहिल्या दिवशी थंडी वाजून डोकं दुखलं, वेग कमी केल्यावर थांबलं. ते दिल्यावर लगेच उठून बसता येईल अशी आशा घरचे धरतात. तसं होत नाही. ते हल्ला थांबवतं, झालेली हानी भरून येणं पुढचं काम आहे. इंजेक्शनं चालू असतानाच माझे हात कोपरापर्यंत गेले आणि चेहऱ्याच्या दोन्ही बाजू ढिल्या पडल्या.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगतो. रोज सकाळी राउंडला डॉक्टर यायचे आणि पाय उचला, बोटं हलवा, हात दाबा असं करायला लावायचे. भेटायला येणारे पण तेच विचारायचे: हलतंय का? मी उत्तर द्यायचो आणि ते जायचे. पण माझी रात्र कशी जाते हे कुणी विचारत नव्हतं आणि मीही सांगत नव्हतो, कारण मला वाटायचं की पाय गेलेत तिथं दुखण्याचं काय सांगायचं. खरं तर ज्या पायात ताकद शून्य होती, तोच पाय दुखत होता. पायावर नुसती चादर टेकली तरी आग व्हायची. बायकोनं ओल्या फडक्यानं तळपाय पुसला तर गरम पाणी ओतल्यासारखं वाटायचं. पाठीतला ठणका मध्यरात्रीनंतर वाढायचा. डोळे मिटले की माझे पाय कुठं आहेत हेच कळायचं नाही. ते गुडघ्यात दुमडलेत असं वाटायचं, आणि बघितलं तर सरळ पडलेले असायचे. ही स्थिती फार घाबरवते. आणि डोळेही पूर्ण मिटत नव्हते, कारण पापण्यांचे स्नायूही ढिले झाले होते. कूस बदलली की रक्तदाब १८० च्या वर जायचा, थोड्या वेळानं १०० च्या खाली यायचा, मशीन वाजायचं. डोळा लागलाच तर जाग आणि स्वप्न यांतला फरक कळायचा नाही. समोरच्या भिंतीवर माणसं उभी दिसायची. मला वेड लागतंय असं वाटून मी ते बायकोलाही सांगितलं नाही.

रात्रपाळीच्या एका सिस्टरनं ते ओळखलं. पहाटे तीनला बीपी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "दादा, डोळा लागंना झालाय न्हवं? मग राउंडला सांगा की. पाय हलवून दाखवताय तसं दुखणं पण सांगायचं. दहापैकी किती ते सांगा." मी आठ म्हणालो. त्यांनी चार्टवर लिहिलं, डोळ्यांत मलम घालून पापण्यांना हलकी पट्टी लावली आणि चादर पायांना लागू नये म्हणून कॉटच्या कठड्यांवरून ताणून बांधली. सकाळी डॉक्टर थांबले, खुर्ची ओढून बसले आणि सगळं सविस्तर विचारलं.

त्यांनी सांगितलं की दुखणं, झोप, रक्तदाब, घाम, लघवी, बद्धकोष्ठता हे सगळं नसांचंच काम आहे आणि जीबीएसमध्ये हे सगळंच बिघडू शकतं. ज्या नसेनं निरोप न्यायचा ती बिघडली की आपणहून खोटे निरोप पाठवते, आणि मेंदूला ते खरेच वाटतात. म्हणून चादरीचा स्पर्श आग म्हणून पोचतो. पाठीतला ठणका मणक्यातून नसा जिथून निघतात त्या मुळांना सूज आल्याचा. झोप मोडली की दुखणं सोसायची ताकद आणखी कमी होते, आणि दुखलं की झोप मोडते. भिंतीवरची माणसं दिसणं हेही या आजारात अनेकांना होतं, ते वेड नाही. हे ऐकल्यावर मी बऱ्याच दिवसांनी रडलो, आणि बायकोला सगळं सांगितलं.

पॅरासिटामॉलचा मला उपयोग होत नव्हता. नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन सुरू केलं, कमी मात्रेपासून चढवत नेलं, मोठा डोस रात्रीकडं ठेवला. दोन-तीन दिवस गुंगी राहिली. मग एका रात्री सलग चार तास झोपलो. रात्री दहानंतर माझ्या बाजूचा दिवा बंद ठेवायला सुरुवात केली, दुपारी दोन तासांपेक्षा जास्त झोपू द्यायचं नाही असं ठरलं, कानात कापूस. पाय अजून तसेच होते, पण दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घेताना मी पहिल्यांदा दात न आवळता पाय उचलू दिला. म्हणून सांगतो, दुखणं आणि झोप ही नंतर बघायची गोष्ट नाही. व्यायाम त्यावरच उभा आहे. रुग्णाला बोलता येत नसेल, नळी असेल, तर पापण्यांच्या किंवा बोटाच्या खुणेनं रोज विचारा: दुखतंय का, कुठं, झोप झाली का.

दसरा रुग्णालयातच गेला. त्यानंतर काही दिवसांनी सोडलं. सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासणी योजनेतच होते. घरी येताना घोटा खाली पडू नये म्हणून रात्री घालायच्या पट्ट्या दिल्या. त्या टाळू नका. घोटा आखडला तर ताकद येऊनही पाऊल नीट पडत नाही. गावात भेटायला येणाऱ्यांनी खूप उपाय सांगितले: जोरात मालिश, शेक, कुणाकडचा तरी लेप. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती ती पाळली: ज्या पायाला गरम-गार कळत नाही त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. भाजलेलं कळतच नाही. आंघोळीचं पाणी आधी बायको बघायची.

फिजिओथेरपिस्ट तालुक्याहून घरी यायचे, एका वेळचे साडेतीनशे. सुरुवातीला रोज, मग एकाआड एक दिवस. वॉकर हजारच्या आत मिळाला. पावलासाठी प्लास्टिकचा आधार मोजमापाप्रमाणं बनवला त्याला अडीच हजार. फिजिओथेरपिस्टनी पहिल्याच दिवशी सांगितलं की इथं जिद्दीनं जास्त करून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी ताकद कमी वाटली तर आदल्या दिवशी जास्त झालंय असं समजायचं. शेतकरी माणसाला हे पटवून घेणं अवघड, पण नसांचा वेग हाच आपला वेग. दिवाळीत आधारानं बसायला लागलो, नोव्हेंबर सरताना वॉकर, संक्रांतीला काठी. सुरुवातीला पायाकडं बघत चालावं लागायचं. अंधारात किंवा डोळे मिटून आंघोळ करताना तोल जायचा, कारण पाय कुठं आहे याचा निरोप अजून अर्धवटच पोचत होता. म्हणून न्हाणीत धरायला पाइप बसवला आणि रात्री बारका दिवा चालू ठेवला. दोन्हीचा खर्च किरकोळ, उपयोग फार.

ऑक्टोबरची छाटणी भावानं केली. फेब्रुवारीत माल निघाला तेव्हा मी बांधावर खुर्ची टाकून पेट्या मोजत होतो. बिनाआधार चालायला मार्च उजाडला. या आजारातले बहुतेक रुग्ण सहा महिन्यांत स्वतःच्या पायांनी चालायला लागतात, तेव्हा माझं काही वेगळं झालं नाही. गॅबापेंटिन त्यानंतर डॉक्टरांनी टप्प्याटप्प्यानं कमी करत बंद केलं. ते एकदम सोडायचं नसतं.

आजची स्थिती: तळपाय संध्याकाळी बधिर होतात, थकवा लवकर येतो, दुपारी अर्धा तास आडवा होतो. द्राक्षाच्या घडाची विरळणी बोटांच्या टोकांनी करावी लागते, त्याला अजून सफाई नाही, कात्री मात्र धरता येते. जुलाब झाले की घरचे घाबरतात, पण डॉक्टर म्हणाले आजार परत होणं क्वचित घडतं. पिण्याचं पाणी उकळून, चिकन पूर्ण शिजवून, हे आता घरात सगळ्यांसाठीच ठरलंय. कुठलीही लस घेण्याआधी जीबीएस झाल्याचं सांगायचं, असं माझ्या फाइलवर पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मागच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मला वरच्या मजल्यावर एका रुग्णाकडं नेलं. कवठे महांकाळकडचे गृहस्थ, आयव्हीआयजीचा तिसरा दिवस. त्यांच्या मुलाला मी रेशनकार्डाचं विचारलं, ते झालं होतं. मग त्यांना विचारलं, रात्री पाय दुखतात का. त्यांनी मुलाकडं बघितलं आणि होकारार्थी मान हलवली. मी मुलाला कागद दिला आणि सांगितलं: रात्री किती वाजता दुखतं, कुठं, दहापैकी किती, किती तास झोप लागली, हे रोज लिही आणि राउंडच्या वेळी डॉक्टरांच्या हातात दे.